गोळीचे घड्याळ आणि पाळीचे घड्याळ



काही दिवसांपूर्वी एका बाईंचा फोन आला. त्यांची नात एका गोदामात पाळीने काम करते. तिला दोनदा फेफरे आले आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केली. बाईंनी सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणाल्या, "सिस्टर, हे कुणाला बोलू नका हं. पोरीचं लग्न व्हायचंय. कामावरही आम्ही काही कळवलं नाही. रात्रपाळी करते बिचारी. काय करणार?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. "कुणाला बोलू नका" हे शब्द माझ्या घरातही एकेकाळी रोज बोलले जात. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगत, "हिला चक्कर येते, दुसरं काही नाही."

या सदरात आपण रक्तदाब, साखर, गुडघे यांच्याबद्दल बोललो. पण मला स्वतःला १९७८ पासून अपस्मार आहे, हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. आज सांगते, कारण त्या नातीला जो धडा शिकायचा आहे तो मी फार महाग किंमत देऊन शिकले.

फेफरे म्हणजे काय?

आपल्या मेंदूतल्या पेशी अगदी बारीक विजेच्या लहरींनी एकमेकींशी बोलतात. एकीचे बोलणे संपले की दुसरी बोलते, असे काम नीट चालते. कधीकधी पुष्कळशा पेशी एकदम बोलू लागतात. शब्बाथच्या जेवणाला सगळी पोरेबाळे एकदम बोलू लागली तर कुणाचेच ऐकू येत नाही, तसेच मेंदूचे होते. त्यालाच आपण फेफरे, आकडी, मिरगी किंवा फीट म्हणतो. हिब्रूत एपिलेप्सिया म्हणतात. जुने लोक 'पडण्याचा आजार' अशा अर्थाचे 'मखलत हनफिला' हे नाव घेतात.

पण प्रत्येक फेफऱ्यात माणूस पडतोच असे नाही. काही जण नुसते टक लावून बघत राहतात, ओठ चाटतात, कपड्याशी चाळा करतात. हाक मारली तर उत्तर देत नाहीत. दोनतीन मिनिटांनी भानावर येतात आणि मधले काही आठवत नाही.

हा आजार लागट नाही. हे वेड नाही, बाहेरची बाधाही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी माणसांना अपस्मार आहे, आणि नीट निदान व औषध मिळाले तर १०० पैकी ७० जण फेफऱ्याशिवाय जगू शकतात. हा ७० चा आकडा लक्षात ठेवा. तो गोळी नियमित घेणाऱ्यांचा आहे.

माझी गोष्ट

त्या वेळी मी नेगेव्हमधल्या एका गावी वृद्धाश्रमात परिचारिका होते. तीन मिश्मेरेत चालत: सकाळी ७ ते ३, दुपारी ३ ते रात्री ११ आणि ११ ते सकाळी ७. मुंबईच्या गिरणीत ज्यांनी दिवस काढले त्यांना पहिली, दुसरी, तिसरी पाळी हे काही नवे नाही. घरी दोन लहान मुले होती. रात्रपाळी करून आले की मुलांना शाळेत पोचवायचे, स्वयंपाक करायचा, मग दोनतीन तास पडायचे.

पहिले फेफरे घरीच आले, रात्रपाळीनंतरच्या सकाळी. डॉक्टरांनी मेंदूच्या लहरींची तपासणी केली आणि दिवसातून दोनदा घ्यायची गोळी दिली. मी पाळीने काम करते हे त्यांना सांगितले नाही. आश्रमातल्या मुख्य परिचारिकेला तर आजारच सांगितला नाही. नोकरी जाईल ही भीती होती. नवऱ्याच्या एका पगारात घर चालत नव्हते.

गोळी मी 'उठल्यावर एक आणि झोपताना एक' अशी घेत असे. सकाळच्या पाळीत ते ठीक चाले. पण रात्रपाळीत माझे उठणे दुपारी आणि झोपणे सकाळी. पाळी बदलली की दोन गोळ्यांमध्ये कधी ६ तास जात, कधी १८. मी रोग्यांच्या गोळ्या मिनिटाच्या हिशेबाने देणारी बाई, पण स्वतःच्या गोळीचा हिशेब ठेवला नाही.

एका रात्री तीनच्या सुमारास मी औषधाच्या गाडीजवळ उभी होते. समोर छोट्या पेल्यांत रोग्यांच्या गोळ्या काढून ठेवलेल्या. पुढचे आठवते ते एवढेच, की माझ्या हातात एक पेला आहे आणि मदतनीस मुलगी माझा दंड धरून हाका मारते आहे. मधली दोनतीन मिनिटे माझ्या आयुष्यातून गेलेली होती. त्यात मी कुणाला काही दिले का, हेच मला सांगता येईना. आम्ही दोघींनी सगळ्या गोळ्या पुन्हा मोजल्या. कुणाला चुकीचे औषध गेले नव्हते. पण ते नशीब होते, माझे शहाणपण नव्हे.

सकाळी मुख्य परिचारिका आल्यावर मी रडत सगळे सांगितले. ती रागावली, पण आजारावर नव्हे. म्हणाली, "तू मला सांगितलं असतंस तर मी तुला रात्री उभी केली असती का?" सहा महिने औषधाची गाडी माझ्याकडून काढून घेतली. रात्रपाळी बंद झाली, तिचा जादा पैसाही गेला. तेव्हा फार लागले. पण झोप आणि गोळी जागेवर आल्यावर फेफरी कमी होत गेली. १९८३ नंतर मला फेफरे आलेले नाही, आणि मी निवृत्तीपर्यंत काम केले.

पाळीमुळे फेफरे का येते?

डॉक्टरांनी मला एक वही करायला लावली होती. रोज चार गोष्टी लिहायच्या: कुठली पाळी, किती तास झोप, गोळी किती वाजता, फेफरे आले का. चारपाच महिन्यांनी वही उघडली तेव्हा कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही. बहुतेक फेफरी रात्रपाळीच्या आठवड्यात किंवा तो संपल्यावर दोन दिवसांत आली होती. त्या दिवसांत झोप चार तासांच्या खाली होती आणि गोळीच्या वेळा विस्कटलेल्या होत्या.

अपुऱ्या झोपेने मेंदू चटकन भडकतो. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेइतकी लांब आणि गाढ होत नाही, कारण शरीराचे आतले घड्याळ उजेडावर चालते. शिवाय गोळीचे रक्तातले प्रमाण सारखे राहावे लागते. गोळी उशिरा गेली की ते खाली येते, आणि फेफरे परत येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण चुकलेली गोळी हेच असते.

आणि कामाचा ताण? ताणाने फेफरे येते असे पुष्कळ रोगी सांगतात, आणि ते खोटे नाही. पण ताण बरेचदा आडवाटेने येतो. वरिष्ठ बोलला की रात्री झोप लागत नाही. काम अंगावर पडले की जेवण राहते. घाईत गोळीची डबी घरी विसरते. म्हणून "टेन्शन घेऊ नकोस" असा उपदेश करून काही होत नाही. झोप, जेवण आणि गोळी या तीन गोष्टी ताणाच्या दिवशीही आपल्या हातात असतात, त्या आधी सांभाळायच्या.

आठ आणि आठ

पाळी बदलली तरी गोळीची वेळ बदलायची नाही, हा आजच्या लेखाचा मुख्य धडा. दिवसातून दोनदा गोळी असेल तर अशा दोन वेळा शोधायच्या की ज्या तिन्ही पाळ्यांत जमतील. मी डॉक्टरांना विचारून सकाळी ८ आणि रात्री ८ ठरवले. सकाळच्या पाळीत ८ ची गोळी कामावर, रात्री ८ ची घरी. दुपारच्या पाळीत सकाळची घरी, रात्रीची कामावर. आणि पुढे कुणाला रात्रपाळी करावीच लागली, तर घरून निघण्याआधी एक आणि सकाळी परतल्यावर, झोपण्याआधी दुसरी. कुठल्याच पाळीत गोळीसाठी झोपमोड होत नाही.

प्रत्येकाचे औषध वेगळे असते, कुणाला दिवसातून एकदा, कुणाला तीनदा. म्हणून वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आपण कुठल्या पाळ्या करतो तो कागद त्यांच्यासमोर ठेवा. गोळी चुकली तर काय करायचे हेही आधीच विचारून लिहून ठेवा. मनाने दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत, आणि बरे वाटते म्हणून गोळी एकदम बंद तर कधीच करू नये. त्याने थांबता थांबणार नाही असे फेफरे येऊ शकते.

आठवड्याच्या सात खणांची डबी घ्या आणि दोन दिवसांच्या गोळ्या कामाच्या पिशवीत वेगळ्या ठेवा. भारतात लग्नाकार्याला जाताना गोळ्या हातातल्या बॅगेत हव्यात, सामानात नकोत. तिथले घड्याळ उन्हाळ्यात अडीच तास आणि हिवाळ्यात साडेतीन तास पुढे असते, तेव्हा वेळ कशी सरकवायची हे निघण्याआधी विचारा.

गोळी शब्बाथलाही चुकवायची नाही. योम किप्पूरचा उपास सुमारे २५ तासांचा असतो. तेवढा वेळ गोळीवाचून, पाण्यावाचून राहणे अपस्माराच्या रोग्याला धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना आणि मग रब्बींना सणाच्या आधीच विचारा. आपल्या धर्मात जीव वाचवणे आधी येते. एलियाहू हन्नाबीचा मलिदा जरूर करा, मीही केला आहे. पण मलिदाही करा आणि गोळीही द्या.

कामावर सांगावे का?

सगळ्या जगाला सांगायची गरज नाही. पण तीन जणांना कळायला हवे असे मी म्हणेन: कुपत खोलिमच्या डॉक्टरांना आपल्या पाळ्या कळायला हव्यात, कामावरच्या वरिष्ठाला आपली गरज कळायला हवी, आणि शेजारी काम करणाऱ्या एकाला फेफरे आले तर काय करायचे ते कळायला हवे.

माझ्या वेळी पाठीशी कायदा नव्हता. आता आहे. इस्राएलमध्ये १९९८ साली अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या समान हक्कांचा कायदा झाला. त्यानुसार केवळ आजारामुळे माणसाला कामात डावलता येत नाही, आणि मालकाला झेपेल इतपत सोय त्याने करून द्यायची असते. पाळी बदलून देणे ही अशीच एक सोय. कुपत खोलिममध्ये कामासंबंधीचे डॉक्टर असतात, त्यांना रोफे तअसुकाती म्हणतात. 'हिला रात्रपाळी देऊ नये' असे पत्र त्यांच्याकडून मिळू शकते. १९५१ च्या कामाच्या तासांच्या कायद्यातही, पाळीच्या कामात तीन आठवड्यांत एका आठवड्याहून जास्त रात्रपाळी देऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. काही कामांना वेगळी परवानगी असते, म्हणून कामगार संघटनेत चौकशी करावी.

रात्रपाळी टळत नसेल तर निदान पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे जाणारा मागावा. उलट क्रम शरीराला जास्त जड जातो. उंच शिडी, उघडे यंत्र, उकळते तेल यांजवळ एकट्याने काम करू नये. गाडी चालवण्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि ते नाही म्हणाले तर ऐकावे.

आपण घरच्या वडीलधाऱ्यांनी काय करावे?

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या पाळ्या आता संपल्या. पण घरात मुले, सुना, नातवंडे पाळी करतात, आणि त्यांची झोप पुष्कळदा आपल्याच हातात असते. रात्रपाळी करून पोरगी झोपली असेल तर त्रिस खाली ओढा, खोलीत काळोख करा, टीव्हीचा आवाज कमी करा. सकाळी दहाला फोन करून "झोपलीस का गं?" असे विचारू नका. ती उठेल तेव्हा गरम जेवण तयार असू द्या. मेंदीला, हळदीला ती रात्रभर थांबली नाही तर रुसू नका. "एक पेग घे, काही होत नाही" असा आग्रह कुणाला करू देऊ नका, कारण दारू आणि जागरण ही जोडी अपस्मारात फार वाईट.

आणि फेफरे आले तर काय करायचे, हे पाठ करून ठेवा.

१. घड्याळ बघा. किती वाजता सुरू झाले ते लक्षात ठेवा.
२. आजूबाजूच्या टणक आणि धारदार वस्तू बाजूला करा. डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याजवळचा कपडा सैल करा.
३. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही घालू नका.
४. झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील.
५. पूर्ण भानावर येईपर्यंत जवळ बसा, हळू आवाजात बोला.

फेफरे ५ मिनिटांत थांबले नाही, एकामागून दुसरे आले, आयुष्यात पहिल्यांदाच आले, मार लागला, पाण्यात आले, बाई गरोदर असली किंवा श्वास नीट परतला नाही, तर लगेच १०१ ला, मागेन दाविद आदोमला, फोन करा. शब्बाथ असला तरी करा.

आपल्या लहानपणी कोकणात फेफरे आलेल्याच्या नाकाला कांदा लावत, चप्पल हुंगवत. फेफरे बहुतेक वेळा दोनतीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून लोकांना वाटे की चपलेने थांबले. थांबवले चपलेने नाही, मेंदूनेच.

आपल्या वयातले फेफरे

हा आजार फक्त तरुणांचा आहे असे समजू नका. साठीनंतर तो नव्याने सुरू होऊ शकतो, विशेषतः पक्षाघात होऊन गेल्यावर. म्हातारपणी तो बरेचदा झटक्यांनी येत नाही. माणूस थोडा वेळ गोंधळतो, बोलता बोलता थांबतो, शून्यात बघतो, आणि घरचे म्हणतात, "वय झालं, विसरायला लागले." असे पुन्हापुन्हा होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. जमल्यास फोनवर त्याचे चित्रण करून ठेवा, डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.

अपस्माराच्या काही गोळ्यांचे रक्त पातळ करणाऱ्या आणि इतर औषधांशी पटत नाही. काहींनी हाडे विरळ होतात, काहींनी रक्तातले मीठ कमी होते. कार्बामाझेपीन घेणाऱ्यांनी एश्कोलीत खाऊ नये, तिचा रसही घेऊ नये, कारण त्याने औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते. ट्रामाडोलसारखी वेदनेची गोळी फेफरे आणू शकते. म्हणून दुखण्यासाठी कुणी नवी गोळी दिली तर आधी सांगा, "मला एपिलेप्सिया आहे." हे वाक्य लाजेचे नाही, जीव वाचवणारे आहे.

आणि लग्नाचे काय?

एका गृहस्थांनी मला एकदा ऐकवले की तालमुदात येवामोतमध्ये अशा घराण्यातली मुलगी करू नये असे आहे. मी म्हटले, आहे, पण तेव्हा फेफऱ्यावर आजच्यासारखी गोळीही नव्हती. आज अपस्मार असलेल्या आईबापांच्या बहुतेक मुलांना तो आजार होत नाही. भारतातही १९९९ साली विवाहाच्या कायद्यातून अपस्माराची अट काढून टाकली. एक खबरदारी मात्र हवी. व्हालप्रोएट नावाच्या औषधाने पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. म्हणून तरुण मुलीने मूल होण्याचा विचार करण्याच्या पुष्कळ आधी डॉक्टरांशी बोलून औषध ठरवावे, मात्र मनाने बंद करू नये. आजार लपवून लग्न झाले तर हे बोलणे ती करणार तरी कशी? सासरी लपूनछपून गोळी घ्यावी लागली की गोळी चुकते आणि फेफरे येते. म्हणजे जे लपवायचे होते तेच चारचौघांत उघडे पडते.

त्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी फोन केला आणि माझी स्वतःची गोष्ट सांगितली. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही तर आमच्या इथं सगळ्यांना इंजेक्शनं दिलीत. कधी वाटलं नाही." आठवड्याने नातीचा स्वतःचा फोन आला. तिने रोफे तअसुकातीची वेळ घेतली होती. पाळीप्रमुखाला सांगायचे धैर्य मात्र अजून होत नव्हते. मी तिला म्हटले, माझी औषधाच्या गाडीजवळची रात्र त्याला सांग. मग तुझी सांग.

तिने सांगितले की नाही ते मला अजून कळलेले नाही. गोळी मात्र ती आठला घेते, सकाळी आणि रात्री. तिची आजी मला रोज तेवढे कळवते, आणि हा लेख लिहायला परवानगीही त्या दोघींनीच दिली.

सर्व आजारी बंधुभगिनींना रफुआ शलेमा.